मामाचा जी-फाइव्ह भंगारात? नो वे!

रविवारी सकाळी सकाळी मामाचा फोन. 'भंगारवाला आलाय. तुला तो जुना कम्प्युटर बघायचा असेल तर आत्ताच ये.' दुपारपर्यंत झोपायचा प्लॅन गेला उडत! ठाण्याहून निघाले, तडक भिवंडीत धामणकर नाक्याला.

मामा साडीच्या बॉक्सची लेबलं डिझाइन करायचा. खाली पॉवरलूमचा खटखटाट, वर त्याचा इवलासा स्टुडिओ. आता तो गाशा गुंडाळतोय. कोपऱ्यात उभा होता अॅपलचा 'पॉवर मॅक जी-5'. भंगारवाल्याने त्यावर टकटक केलं, 'अॅल्युमिनियम आहे. किलोवर घेतो.'

किलोवर? अहो, हा जून 2003 मध्ये जाहीर झाला तेव्हा टेक्नोवेड्यांची झोप उडाली होती! त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकने असे 1,100 जी-5 जोडून सुपरकम्प्युटर उभा केला आणि नोव्हेंबरच्या जागतिक यादीत थेट तिसरा नंबर पटकावला. मामाने मात्र सेकंडहँड घेतला. मामीचा फ्रिज दोन वर्षं पुढे ढकलून!

प्लग लावला. मशीन सुरू झालं, पण घड्याळात 1970 साल. आतली बॅटरी संपलेली, दुसरं काय! एका फोल्डरवर नाव होतं 'आप्पा'. आजोबांनी सांगितलेल्या आणि मामाने टाइप केलेल्या मागावरच्या आठवणी. चाळीस पानं. मला पत्ताच नव्हता!

फाइल पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या लॅपटॉपवर उघडली, तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. कारण साधं आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. तो फॉन्ट नसला की मराठी गायब. फॉन्टही कॉपी करून पाहिला, लॅपटॉप त्याला ओळख देईना. म्हणजे आप्पा बोलणार ते फक्त याच अठरा किलोंच्या डब्यातून.

मग जी-5 वरच प्रिंटची कमांड दिली आणि पीडीएफ सेव्ह केली. पाच मिनिटांचं काम. मामा म्हणाला, 'एवढंच होतं होय? मी दहा वर्षं घाबरून हातच लावला नाही.'

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. जी-5 आता माझ्या घरी, फ्रिजशेजारी आहे.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेलच. विकण्याआधी एकदा चालू करा. मराठी फाइल्सची पीडीएफ काढा. मग हार्ड डिस्क पुसा आणि तो अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. क्रम चुकवू नका!

जी-5 ची कुंडली (2003 चं टॉप मॉडेल)
प्रोसेसर : 2 गिगाहर्ट्झचे दोन, 64-बिट, आयबीएमने बनवलेले
रॅम : 512 एमबी, 8 जीबीपर्यंत वाढवता येणारी (तेव्हा चैन, आज फोनमध्येही असते)
हार्ड डिस्क : 160 जीबी
पंखे : चक्क नऊ
अमेरिकेतली किंमत : 2,999 डॉलर
निवृत्ती : ऑगस्ट 2006, इंटेलवाला मॅक प्रो आल्यावर