मरतुकीच्या वहीत न येणारे पक्षी

ब्रॉयलर कोंबड्यांच्या मोठ्या शेडमध्ये एका वेळी वीस-पंचवीस हजार पक्षी असतात. त्यांची खुशाली विचारली, की मरतुकीची वही पुढे येते. त्या वहीत गेलेल्यांचा हिशेब असतो. लंगडत जगणाऱ्यांची नोंद तिथे कोण करणार?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात १९९२ साली पक्ष्यांच्या चालीला गुण देण्याची पद्धत तयार झाली. शून्य म्हणजे निर्दोष चाल, पाच म्हणजे चालणंच अशक्य. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५१,००० पक्षी असे तपासले गेले. सरासरी वय अवघं ४० दिवस, तरी २७.६ टक्के पक्ष्यांची चाल बिघडलेली होती आणि ३.३ टक्क्यांना जवळजवळ चालताच येत नव्हतं.

पण लंगडणाऱ्या कोंबडीला दुखतं, हे कशावरून? याचं उत्तर २००० सालच्या एका प्रयोगात आहे. पक्ष्यांपुढे दोन प्रकारचं खाद्य ठेवलं, त्यातल्या एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेलं. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं, आणि लंगडेपणा जितका जास्त तितकं औषधही जास्त. कोंबडीलाच विचारण्याची याहून सरळ रीत मला तरी माहीत नाही.

अडचण येते ती चाल तपासण्यासाठी पक्ष्यांचा नमुना निवडताना. माणूस आत शिरला की धडधाकट पक्षी पळतात, हाताला लागतात ते लंगडे. म्हणून ऑक्सफर्डच्या मेरियन डॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी कॅमेऱ्याचा आधार घेतला. हा कॅमेरा एकही पक्षी ओळखत नाही. चित्रातले उजळ-काळे ठिपके क्षणाक्षणाला किती सरकतात, एवढंच संगणक मोजतो. यात निव्वळ सरासरी पुरत नाही. सगळा कळप सारखा हलतोय की बहुतेक थंड आणि मोजकेच धावताहेत, हा फरक महत्त्वाचा. २०१६ च्या अभ्यासात, माणसाला जुलाब लावणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूची पुढे लागण आढळलेले कळप पहिल्या सात-दहा दिवसांतच वेगळे दिसले होते. त्यांची हालचाल कमी होती आणि असमानही.

नेमका कोणता पक्षी आजारी, हे मात्र कॅमेरा सांगत नाही. ते पाहायला शेडमध्ये फिरावंच लागतं. आपल्याकडे करार पद्धतीने पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याचा मोबदला मुख्यतः वजन, खाद्य आणि मरतूक यांवर ठरतो. चालीचा रकाना त्या हिशेबात अजून नाही.