वळिवडेचा स्तंभ आणि सोलापूरची तार

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात एक स्मृतिस्तंभ आहे. बारामती-इंदापूरकडच्या शाळांच्या सहली अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा करून परततात. स्तंभ राहून जातो. तो कोणाचा, हे आधी सांगितले पाहिजे.

फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो माणसे घरांतून उचलून मालगाड्यांत कोंबली आणि सैबेरिया, कझाकस्तानात लाकूडतोडीला, शेतीकामाला जुंपली. बायका-मुलेही सुटली नाहीत. हिटलरने १९४१ साली रशियावर चाल केली, तेव्हा सुटकेचा करार झाला. वाचलेल्यांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश राहिले. ही श्रमछावणी नव्हती, आसरा होता. शाळा होत्या, चर्च होते. पुढे तेथेच फाळणीने उखडलेले सिंधी आले. आजचे गांधीनगर ते हेच.

हा आसरा मिळाला हे चांगलेच झाले. पण ज्या वर्षी वळिवडेचे दार उघडले, त्या वर्षी सोलापूरच्या सेटलमेंटचे दार बंद होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा जमातींची माणसे तारेच्या कुंपणात आली. हजेरी द्यायची, पास घेऊन बाहेर पडायचे, गिरणीत राबायचे. येथे युद्धाचे निमित्तही नव्हते. जन्म हाच गुन्हा. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आलेच.

मग एकाच्या दुःखाला स्तंभ का मिळतो? पोलिशांनी संघटना केली, आठवणी लिहिल्या, आणि त्यांच्या पाठीशी एक राष्ट्र उभे राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर-स्मारकालाही अभिवादन केले. विमुक्तांच्या पाठीशी कोणते राष्ट्र उभे राहणार? त्यांना कोंडून ठेवणारे शासनच त्यांचे होते.

सोलापुरात 'सेटलमेंट' हे नाव अजून पत्त्यावर लिहिले जाते. तारेच्या आत जन्मलेली माणसे आता सत्तरीपलीकडे आहेत. सहल कोल्हापूरला नेणाऱ्या शिक्षकांनी पुढच्या वर्षी ती सोलापूरला न्यावी. इंदापूरवरून रस्ता सरळ आहे. मुलांच्या हाती वही द्यावी आणि म्हाताऱ्यांना विचारावे, हजेरी किती वाजता होत असे.