संगणकी खेळांतील कृत्रिम बुद्धि

परवां वर्गांत एका विद्यार्थ्यानें मला विचारिलें, “सर, संगणकी खेळांतील चित्रें आतां यंत्रच काढणार असेल, तर मीं चित्रकला कां शिकावी?” हा प्रश्न त्याच्या उद्यांच्या पोटापाण्याचा आहे, म्हणून त्याचें उत्तर नीट समजून घेतलें पाहिजे.

समजा, आपणांस अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर एक खेळ रचावयाचा आहे. ओहोटीस या किल्ल्यांत पायीं जातां येतें. भरतीस त्याच्या भोंवतीं पाणी पसरतें. खेळांतील शिपायानें किनाऱ्यावरून दरवाजापर्यंत वाट कशी शोधावी? यासाठीं सन १९६८ मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या तिघां संशोधकांनीं प्रसिद्ध केलेली ‘ए-स्टार’ नांवाची रीत आजहि वापरतात. प्रत्येक पावलावर ‘किती चाललों’ आणि ‘अजून अदमासें किती राहिलें’ यांची बेरीज करावयाची व जिची बेरीज सर्वांत लहान, ती वाट आधीं तपासावयाची. भरती आली कीं पाण्याखालची वाट वर्ज्य ठरते व शोध पुन्हां सुरू होतो. पाहणारास शिपाई शहाणा वाटतो. परंतु तें शहाणपण नियम लिहिणाऱ्या माणसाचें असतें.

हल्लींची कृत्रिम बुद्धि याहून निराळी आहे. तिला एकेक नियम लिहून द्यावा लागत नाहीं. असंख्य चित्रें, लेख व आवाज यांवरून ती धडे घेते आणि मागाल तो तट, पहारेकऱ्याचें भाषण किंवा प्रोग्रॅमच्या ओळी क्षणांत पुढें ठेविते. कच्चे आराखडे करण्यास ती फार उपयोगी आहे. मात्र जें तिनें पुष्कळ पाहिलें, त्याकडेच तिचा ओढा असतो. समुद्रांतील किल्ला मागितला, तर चुन्यावांचून रचिलेल्या कुलाब्याच्या शिळांऐवजीं युरोपांतील उंच मनोरे ती सहज काढील. आपल्याच किनाऱ्यावर कोर्लई येथील ख्रिस्ती लोक पोर्तुगीज व मराठी यांच्या संगमांतून झालेली बोली बोलतात. तिचें लिखाण फारच थोडें. मग तेथील आजीचें बोलणें यंत्र कोठून शिकणार?

याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा सन २०२० मधील ‘राजी’ हा खेळ पाहावा. त्यांतील देखाव्यांस राजस्थानच्या वास्तुकलेचा आधार आहे व पहाडी चित्रशैलीच्या वळणानें ते हातानें रंगविलेले आहेत. म्हणूनच तो चार खेळांत वेगळा ओळखूं येतो.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. ज्यांच्या कामावरून यंत्र शिकतें, त्यांचें काय? अमेरिकेंत खेळांतील पात्रांस आवाज व हालचाली देणाऱ्या नटांनीं जुलै २०२४ मध्यें संप पुकारिला. आपल्या आवाजाची यांत्रिक प्रतिकृति संमतीवांचून व मोबदल्यावांचून होऊं नये, ही त्यांची मुख्य मागणी होती. सन २०२५ मध्यें झालेल्या करारांत त्यांस या बाबतींत संरक्षण मिळालें.

साधीं व ठरीव कामें यंत्र कांहीं जणांच्या हातून हिरावून घेईल, हें मीं त्या विद्यार्थ्यापासून लपविलें नाहीं. परंतु यंत्रानें काढलेला तट खोटा आहे, हें ओळखावयास ज्यानें खरा तट पाहून रेखाटला आहे, असाच माणूस लागतो. येत्या शनिवारीं ओहोटीची वेळ साधून तो वही-पेन्सिल घेऊन किल्ल्यांत जाणार आहे.