बिसोतूनच्या कड्यावरचा लष्करी अधिकारी

हेन्री रॉलिन्सन १८२७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आला. पुढे पैजेखातर त्यानं पुणे ते पनवेल हे ७२ मैल घोडे बदलत सव्वातीन तासांच्या आत कापले. एवढी रग असलेल्या या पोराला इराणचा नाद मात्र बोटीवरच लागला होता. मुंबईचे नवे गव्हर्नर, इराणचा इतिहास लिहिणारे सर जॉन माल्कम, त्याच बोटीनं येत होते.

शहाचं सैन्य तयार करायला १८३३ मध्ये त्याला इराणला धाडलं. हमदानजवळ खडकावर शेजारीशेजारी कोरलेले दोन कीलाकार लेख त्याला दिसले. त्या काळी ही लिपी जवळजवळ मुकी होती. लेख जवळपास सारखेच, फरक फक्त काही जागी. दुसऱ्या लेखात राजाच्या बापाच्या जागी जे नाव होतं, तेच पहिल्या लेखातल्या राजाचं! म्हणजे आजोबा, बाप, मुलगा. ग्रीक इतिहासकारांनी सांगितलेली वंशावळ तिथं चपखल बसली: हिस्टास्पीस, दारियस, झर्क्सीस. तीन नावांतून अक्षरं सुटू लागली. जर्मनीत ग्रोटेफेंडनं १८०२ मध्ये हीच युक्ती केली होती, पण मोठा मजकूर हाती नव्हता.

तो मजकूर करमानशाहजवळच्या बिसोतूनच्या कड्यावर होता, जमिनीपासून सुमारे शंभर मीटर उंच. सम्राट दारियसनं आपल्या विजयांची हकिकत तिथं तीन भाषांत कोरून ठेवली होती. पायाखाली जेमतेम दोन फुटांची कपार, तीवर शिडी. तिच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून डावा दंड खडकाला टेकवायचा, त्याच हातात वही आणि उजव्या हातात पेन्सिल. एकदा दरीवर पुलासारखी आडवी टाकलेली शिडी निखळून खाली कोसळली आणि तो उरलेल्या लाकडाला लोंबकळत राहिला.

मध्येच अफगाण युद्ध आलं. कंदाहारच्या कामगिरीबद्दल १८४४ मध्ये त्याला ‘ऑर्डर ऑफ द बाथ’चा सन्मान मिळाला. ते युद्ध अन्यायाचं होतं आणि तो त्यात सामील होता, हेही सांगायलाच हवं. त्याला ओढ होती ती कड्याची. त्या तीन भाषांपैकी बाबिलोनी मजकुराचा भाग इतका अवघड जागी होता की १८४७ मध्ये तिथं एक कुर्द मुलगाच पोचू शकला. भेगांत लाकडी खुंट्या ठोकत, उघड्या कड्यावरून आडवा सरकत त्यानं ओल्या कागदावर अक्षरांचे ठसे उठवले. माझ्या लेखी या कामातलं अर्धं श्रेय त्या मुलाचं. त्याचं नाव कुणी नोंदवलं नाही.

पण या लिपीचं हे वाचन खरं की मनचं? त्याची परीक्षा १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनं घेतली. असीरियन राजा तिग्लथ-पिलेसरचा त्याच लिपीतला एकच लेख चौघा अभ्यासकांना मिळाला: रॉलिन्सन, आयरिश पाद्री हिंक्स, ओपर्ट आणि टॅलबट. चौघांनी स्वतंत्रपणे केलेली भाषांतरं मोहोरबंद पाकिटांत आली. पंचांनी ती फोडून ताडून पाहिली. मुद्द्याच्या जागी ती जुळत होती, आणि ही लिपी खरोखरच वाचता येते, हे त्या दिवसापासून मान्य झालं.