सॅलिसबरी हॉल : लाकडी विमानाचे माहेर

लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशर परगण्यात, सेंट ऑल्बन्स या प्राचीन नगरापासून थोड्याच अंतरावर, लंडन कॉल्नी नावाचे खेडे आहे. आणि त्या खेड्याच्या शिवारात, राजधानीभोवती कडे करून धावणाऱ्या एम-२५ महामार्गाच्या बाविसाव्या फाट्याजवळ, सतराव्या शतकातील एक विटांचा वाडा भोवती पाण्याचा खंदक बाळगून उभा आहे. सॅलिसबरी हॉल हे त्याचे नाव. दुसऱ्या चार्ल्स राजाची लाडकी नटी नेल ग्विन येथे राहत असे, ही दंतकथा या वाड्याला जुन्या काळापासून चिकटलेली आहे; विसाव्या शतकाच्या आरंभी विन्स्टन चर्चिल यांच्या मातोश्रींचे बिऱ्हाड येथे होते व तरुण चर्चिल त्यांच्याकडे येऊन जाऊन असत, हे मात्र इतिहासाने मान्य केलेले आहे. तथापि आज जे प्रवासी या आडवाटेला वळतात, ते राजाच्या नटीसाठी वळत नाहीत आणि भावी पंतप्रधानांसाठीही नाही. वाड्यालगतच्या जमिनीवर जे डी हॅविलंड विमान संग्रहालय वसले आहे, आणि जे ब्रिटनमधील सर्वांत जुने विमान संग्रहालय म्हणून ओळखले जाते, त्याची कीर्ती त्यांना येथवर ओढून आणते. ही संस्था विश्वस्त निधीच्या मालकीची आहे, आणि तिचा दैनंदिन गाडा हाकण्याचे काम मुख्यत्वे बिनपगारी स्वयंसेवक करीत आले आहेत.

विमानांचा आणि या वाड्याचा संबंध कसा जुळला हे समजण्यासाठी १९३९ सालाच्या ऑक्टोबर महिन्यापर्यंत मागे जावे लागते. दुसरे महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. जवळच्या हॅटफील्ड येथे डी हॅविलंड कंपनीचा मोठा कारखाना होता, आणि तो शत्रूच्या बाँबहल्ल्याचे लक्ष्य होणार हे उघड असल्यामुळे, कंपनीने आपले प्रमुख अभिकल्पक आर. ई. बिशप यांच्या हाताखालील निवडक मंडळींना या निवांत वाड्यात आणून बसविले. त्यांच्यापुढील योजना सरकारी विमानखात्याला विक्षिप्त वाटावी अशीच होती: स्वसंरक्षणासाठी एकही तोफ न बाळगणारे, केवळ वेगाच्या बळावर शत्रूला चुकविणारे, आणि धातूऐवजी लाकडाचे बनविलेले बाँबफेकी विमान. खात्यातील बहुतेक अधिकाऱ्यांनी या तजविजीला नाके मुरडली. परंतु एअर मार्शल सर विल्फ्रिड फ्रीमन यांनी तिची पाठराखण केली आणि १९४० च्या मार्चमध्ये ५० विमानांची मागणी मंजूर झाली. लाकूड निवडण्यामागे निव्वळ हौस नव्हती. युद्धकाळात मिश्रधातूंचा तुटवडा पडणार, उलट फर्निचरच्या कारखान्यांतील कसबी सुतार मात्र रिकामे बसणार, हा हिशेब त्यामागे होता.

वाड्याशेजारी, दुरून धान्याचे कोठार भासावे अशा बेताने उभारलेल्या एका शेडमध्ये पहिले विमान आकाराला आले. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. इक्वेडोरमधील हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना बर्च प्लायवूडचे पातळ पापुद्रे, असे थर साच्यावर चढवून व सरेसाने सांधून विमानाच्या धडाचे दोन उभे अर्धभाग तयार करीत. वाटाण्याच्या शेंगेच्या दोन फाका असाव्यात तसे ते अर्धभाग उघडे असतानाच त्यांत तारा, नळ्या व उपकरणे बसवीत, आणि मग ते कायमचे मिटवून टाकीत. वरून मदपोलम जातीचे सुती कापड ताणून लावीत व त्यावर रोगण चढवीत; गोदावरीच्या मुखाकडील, एके काळी ईस्ट इंडिया कंपनीची वखार असलेल्या एका गावाचे नाव त्या कापडाला मिळालेले आहे. डब्ल्यू ४०५० हा क्रमांक धारण करणारे, पिवळ्या रंगाचे हे पहिले 'मॉस्किटो' ३ नोव्हेंबर १९४० रोजी सुटे करून रस्त्याने हॅटफील्डला नेण्यात आले, आणि २५ नोव्हेंबरला कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव जेफ्री डी हॅविलंड यांनी ते आकाशात नेले. चाचण्यांत त्याने ताशी ३९० मैलांहून अधिक वेग गाठून तत्कालीन स्पिटफायर या लढाऊ विमानालाही मागे टाकले, तेव्हा नाके मुरडणाऱ्यांची तोंडे आपोआप बंद झाली. पुढे या जातीची ७,७०० हून अधिक विमाने तयार झाली.

रात्री लढणाऱ्या मॉस्किटोचा पहिला नमुना मात्र हॅटफील्डला गेलाच नाही. सुटे करणे, वाहून नेणे व पुन्हा जोडणे यांत जाणारे आठवडे वाचावेत म्हणून जेफ्री यांनी तो १५ मे १९४१ रोजी वाड्यालगतच्या शेतातूनच उडविला. एअरस्पीड कंपनीच्या मंडळींनीही याच वाड्यात 'होर्सा' या इंजिनविरहित, सैनिकवाहू विमानाचे आराखडे काढले. नॉर्मंडीच्या स्वारीत सैनिकांना शत्रूच्या प्रदेशात उतरविणारे होर्सा तेच, आणि तेही लाकडाचेच. त्याच्या धडाचे अवशेष आज येथे जपलेले आहेत.

युद्ध संपले, लाकूड मागे पडले, आणि डब्ल्यू ४०५० अडगळीत जमा झाले. विमान हे मुळातच अल्पायुषी यंत्र आहे. वजन वाचविण्यासाठी त्याचा प्रत्येक भाग गरजेपुरताच जाड ठेवलेला असतो, आणि सेवा संपली की मोडीच्या भावाखेरीज त्याला किंमत उरत नाही. लाकडी विमानाला तर तेवढीही नाही, कारण त्याच्यासाठी भंगारवाल्यापेक्षा आगकाडी अधिक सोयीची असते. या आद्य विमानालाही जाळून टाकण्याची वेळ आली होती. कंपनीच्या प्रसिद्धी विभागातील बिल बेअर्ड यांनी ते निरनिराळ्या ठिकाणी दडवून वर्षानुवर्षे वाचविले, परंतु त्याला कायमचा आसरा ते देऊ शकत नव्हते. तो दिला वॉल्टर गोल्डस्मिथ या निवृत्त मेजरने. १९५५ साली त्याने मोडकळीस आलेला सॅलिसबरी हॉल विकत घेतला, वाड्याच्या पूर्वेतिहासाचा तपास करता करता मॉस्किटोची हकीकत त्याला उमगली, आणि विमान जन्मस्थळी परत आणण्याचा त्याने ध्यास घेतला. १५ मे १९५९ रोजी, म्हणजे शेतातून झालेल्या त्या उड्डाणास बरोबर १८ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, एका विमानाचे हे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

एका विमानाची अनेक झाली ती पुढील दशकांत. आज येथे एक सोडून तीन मॉस्किटो आहेत, आणि त्यांतील एकाची कथा पाहिली म्हणजे जतन या व्यवहाराचे खरे स्वरूप ध्यानात येते: त्याचे धड नेदरलंडमधून आले, पंख इस्रायलमधून मिळाले, आणि या दोन परदेशस्थांची सोयरीक जमवून एक सलग विमान उभे करण्यात स्वयंसेवकांची अनेक वर्षे खर्ची पडली. खेरीज प्रशिक्षणाचे टायगर मॉथ आहे. वैमानिकाविना, रेडिओच्या इशाऱ्यावर उडणारे आणि तोफखान्याला नेमबाजीचे लक्ष्य म्हणून पुरविलेले क्वीन बी आहे. व्हँपायर, व्हेनम व सी व्हिक्सन ही दुहेरी शेपटीची जेट विमाने आहेत. आणि एअर फ्रान्सच्या सेवेत असलेल्या कॉमेट १ए या प्रवासी विमानाचे चौकोनी खिडक्यांचे धड आहे.

या शेवटच्या वस्तूपाशी पाहुण्याने अंमळ थांबावे. २ मे १९५२ रोजी कॉमेटने जगातील पहिली जेट प्रवासी वाहतूक सुरू केली, आणि त्यानंतर बरोबर वर्षाने एक कॉमेट कलकत्त्याजवळ वादळात सापडून कोसळले. १९५४ साली आणखी दोन विमाने भूमध्य समुद्रावर, स्वच्छ हवेत, फुटून पडली. इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान-संशोधन केंद्रात एक संपूर्ण धड पाण्याच्या हौदात ठेवून त्यावर दाबाचे हजारो फेरे दिले तेव्हा निष्पन्न झाले की, धडातील छिद्रांच्या कोपऱ्यांपाशी धातूवर अपेक्षेहून अधिक ताण येतो, आणि तेथे पडलेली चीर वाढत जाऊन धड फाटते. आज आपण ज्या विमानांतून निर्धास्तपणे प्रवास करतो, त्यांच्या खिडक्यांचे कोपरे गोलावलेले असतात, यामागे हा महाग पडलेला धडा आहे. त्याचे वर्णन ग्रंथांत वाचता येते; परंतु त्या खिडकीच्या कोपऱ्यावर प्रत्यक्ष बोट ठेवल्यावर होणारा बोध निराळाच.

अशा वस्तू मिळविणे अवघड खरे, पण त्यांना छप्पर मिळवून देणे त्याहून अवघड. चित्राला भिंत पुरते, पोथीला फडताळ पुरते. विमानाला मात्र पंखांच्या विस्ताराएवढा इमला लागतो, आणि स्वयंसेवी संस्थेच्या जमाखर्चात तेवढ्या इमल्याची तरतूद क्वचितच असते. म्हणून जगातील असंख्य विमाने हिरवळीवर ऊनपाऊस सोशीत उभी असतात, आणि दर काही वर्षांनी त्यांच्यावर रंगाचा नवा हात फिरवून आतील गंजाकडे डोळेझाक केली जाते. लाकडाच्या बाबतीत ही डोळेझाक परवडत नाही, आणि याचा कडू अनुभव खुद्द मॉस्किटोला हिंदुस्थानातच आला होता. १९४४ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आलेल्या या विमानांपैकी काहींचे पंख हवेतच निखळले, तेव्हा नोव्हेंबरात त्यांची उड्डाणे थांबवून चौकशी करावी लागली. कारखान्यातील सदोष सांधणी आणि या मुलखाची उष्णता व दमट हवा यांपैकी अधिक दोष कोणाला द्यावा याविषयी जाणत्यांत वाद झाला. पण सांध्यात शिरलेले पाणी लाकडी विमानाचा घात करते, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या संग्रहालयाचा इतिहास हा छपरांचाच इतिहास का आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. अलीकडे राष्ट्रीय लॉटरीच्या वारसानिधीच्या साहाय्याने येथे प्रशस्त नवे हँगर उभे राहिले, आणि त्यामुळे मॉस्किटो व कॉमेट यांसारख्या नाजूक वस्तूंची पावसाच्या तावडीतून सुटका झाली.

छपराखाली काम चालते ते हातांचे. हॅटफील्डचा कारखाना १९९० नंतरच्या काही वर्षांत बंद पडला, डी हॅविलंड हे नाव तर त्यापूर्वीच मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणात लोप पावले होते, आणि धावपट्टीच्या जागेवर विद्यापीठाच्या इमारती व कचेऱ्या आल्या. कारखाना गेला म्हणजे यंत्रे जातात, दफ्तर विखुरते, आणि या दोहोंत कोठेही नोंदलेले नसते असे ज्ञान कारागिरांच्या बोटांतच उरते: कोणता सांधा किती वेळ दाबून धरावा, ताणलेले कापड रोगणाने कोठवर आकसू द्यावे, पंखातील अडचणीच्या कोपऱ्यात हात कोठून घालावा. अशा संस्थेत निवृत्त अभियंता आणि विमानाला पहिल्यांदाच हात लावणारा शिकाऊ एकाच बाकावर बसतात, आणि हे ज्ञान कागदावर न उतरताही एका पिढीतून दुसरीत जाते.

तरीही एक तात्त्विक पेच उरतोच. जुना भाग कुजला तर तो बदलावा, की कुजका परंतु अस्सल म्हणून तसाच ठेवावा? भाग बदलत गेल्यास अखेरीस जे उरते ते मूळ विमान म्हणता येईल काय? या प्रश्नाचे नर्मविनोदी उत्तर डब्ल्यू ४०५० स्वतःच देते, कारण १९४१ च्या फेब्रुवारीत शेपटीचे चाक अडकून त्याचे धड मोडले तेव्हा त्याला दुसऱ्या नमुन्यासाठी बनविलेले धड बसविण्यात आले होते. म्हणजे ज्याच्या अस्सलपणाची आपण एवढी काळजी वाहतो, ते तारुण्यातच निम्मे बदललेले आहे! हा बदल लपवून न ठेवता विमानाच्या चरित्राचा भाग म्हणून सांगणे, यातच संग्रहालयाचा प्रामाणिकपणा आहे. आणि अलीकडे अनेक वर्षे खपून केलेल्या त्याच्या पुनरुद्धारामागेही हीच दृष्टी असायला हवी.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा जुहूच्या मैदानावर उतरले, ते डी हॅविलंडच्याच पस मॉथमधून. १९४८ साली भारतीय वायुदलात आलेली पहिली जेट विमाने व्हँपायर, आणि पुढे ती बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात तयार होऊ लागली. त्या व्हँपायरच्या वैमानिककक्षाची घडण मॉस्किटोसारखीच बाल्सा व प्लायवूडची आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ नौदलाने १९९८ साली उघडलेल्या विमान संग्रहालयातही एक व्हँपायर आहे. तेथील बरीच विमाने उघड्यावर आहेत, आणि कोकणपट्टीचा पावसाळा व समुद्राची खारी हवा हर्टफर्डशरच्या रिमझिमीपेक्षा किती तरी निष्ठुर आहे.

म्हणून लंडनला जाणाऱ्या मराठी माणसाने सॅलिसबरी हॉलसाठी एक दिवस राखून ठेवावा. नुसती विमाने पाहून परत न फिरता दुरुस्तीच्या शेडमध्ये डोकवावे, हातात कानस वा पटाशी घेतलेल्या स्वयंसेवकाला प्रश्न विचारावेत, कारण उत्तरे देण्याचा त्या मंडळींना कंटाळा नाही. आणि जुहू, बंगलोर व दाबोळी येथे घडलेला आपला विमानेतिहास जपायचा तर आरंभ भव्य स्मारकाने करावा लागत नाही, गळके नसलेले एक छप्पर व शिकवायला राजी असलेले चार निवृत्त कारागीर एवढ्यावरही तो होतो, हे ध्यानात घेऊन परतावे. हे कारागीर आज आपल्यातही आहेत. त्यांना विचारायला जाण्याची घाई मात्र आपणच करायला हवी.