आइनस्टाइनलाही रेफरी भेटला!

आपल्या हॉस्टेलवर ‘जर्नल’ म्हटलं की सबमिशनच्या आदल्या रात्री पार्टनरच्या फाइलवरून उतरवून काढायची ती वही! पण सर जेव्हा ‘माझा पेपर जर्नलला गेलाय’ म्हणतात, तेव्हा ते संशोधनाचं नियतकालिक असतं. तिथे गेलेला पेपर लगेच छापला जात नाही. मधे बरंच काही घडतं.

आधी संपादक पेपर चाळतो. विषय जर्नलचा नसेल किंवा त्यात नवीन काही नसेल, तर तिथूनच ‘साभार परत’. यातून सुटला तर त्याच विषयात काम करणाऱ्या दोन-तीन जणांकडे तो जातो. हे रेफरी. म्हणून याला पीअर रिव्ह्यू म्हणायचं. पीअर म्हणजे आपल्याच पंगतीतले. या कामाचे त्यांना सहसा पैसे मिळत नाहीत आणि लेखकाला बहुधा त्यांची नावंही कळत नाहीत. पद्धत बरोबर आहे का, आकड्यांवरून निष्कर्ष खरंच निघतो का, हे त्यांनी बघायचं. मग संपादक ठरवतो: स्वीकार, किरकोळ बदल, मोठे बदल, नाहीतर नकार. बदल सांगितले तर लेखकाने प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्यायचं. यात महिनेच्या महिने जातात.

एवढा खटाटोप कशासाठी? १९३६ साली आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पेपर पाठवला. निष्कर्ष काय, तर गुरुत्वलहरी नसतातच! संपादक जॉन टेट यांनी तो रेफरीकडे दिला आणि चूक दाखवणारा दहा पानी शेरा आला. आइनस्टाइन भडकले. छापण्याआधी पेपर इतरांना दाखवायची परवानगी मी दिली नव्हती, असं कळवून त्यांनी तो परत घेतला. रेफरी होते हॉवर्ड रॉबर्टसन. पुढे त्यांनीच, आपण रेफरी होतो हे न सांगता, आइनस्टाइनच्या सहायकाला ती चूक समजावली. १९३७ साली पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये आला तो निष्कर्ष बदलूनच. २०१५ साली लायगोने या लहरी प्रत्यक्ष टिपल्या. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया त्यांच्याच शोधासाठी आहे.

मात्र रेफरी प्रयोग पुन्हा करून बघत नाही. तो कागद वाचतो. बेल लॅब्जच्या यान हेंड्रिक श्योनचे पेपर ‘सायन्स’ आणि ‘नेचर’मध्येही छापून आले. वेगवेगळ्या प्रयोगांच्या ग्राफमध्ये नॉइज हुबेहूब सारखा कसा, हे नंतर इतर शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं आणि २००२ साली बनवाबनवी उघड झाली. (प्रॅक्टिकलला रीडिंग ‘बनवणाऱ्यांनी’ नोंद घ्यावी!)

तेव्हा छापून आलं म्हणजे खरंच, असं नाही. पण निदान दोन जाणकारांनी ते शंकेखोर नजरेने वाचलेलं असतं. फायनल इयरला ‘पैसे भरा, चार दिवसांत पेपर छापतो’ असा मेल आला, तर एकच विचारा: रेफरींचे शेरे कुठे आहेत? शेरेच नसतील, तर तो पेपर कोणी वाचलेलाच नाही. मग पैसे कशाचे भरायचे?