पोच

इमारतीचा स्लॅब घालताना मजूर रांगेने उभे राहतात आणि काँक्रीटने भरलेली घमेली हातोहात पुढे देतात. पुढच्याचे हात रिकामे झाले आहेत, हे पाहिल्यावाचून मागचा आपले घमेले सोडीत नाही. घाई केली, तर माल सांडतो. महासंगणकातही हाच नियम पाळावा लागतो.

भारताला हवा तेवढा शक्तिमान महासंगणक परदेशातून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच ‘सी-डॅक’, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यात इंग्लंडमधील इनमॉस कंपनीचे ६४ ट्रान्सप्यूटर एकाच वेळी काम करीत. ट्रान्सप्यूटर म्हणजे सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर कोरलेला एक गणकच. शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी प्रत्येकास चार दुवे असत.

महासंगणकावर हवामानाचे गणित मांडताना नकाशाचा एकेक तुकडा एकेका गणकाकडे सोपवितात. शेजारच्या तुकड्यातील वाऱ्याची गती कळल्याखेरीज कोणाचेही गणित पुढे सरकत नाही. आणि निरोपातील एक आकडा जरी गळाला, तरी सारे उत्तर चुकते.

म्हणून ट्रान्सप्यूटरच्या दुव्यांसाठी देवाणघेवाणीचे काटेकोर नियम ठरविलेले होते. अशा नियमांना ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. संगणकाची भाषा शून्य व एक या दोनच अंकांची. त्यांतील प्रत्येक अंक म्हणजे एक ‘बिट’. आरंभी दोन वेळा एक, मग मजकुराचे आठ बिट आणि शेवटी शून्य, असा अकरा बिटांचा जुडगा दुव्यावरून निघे. तो येऊ लागला आणि पुढच्यासाठी जागा रिकामी असली, की एक व शून्य एवढीच दोन बिटांची पोच उलट जाई. ही पोच मिळाल्यावाचून दुसरा जुडगा सुटत नसे.

मग वाट पाहण्यात वेळ फुकट जात नसे काय? मुळीच नाही. एकाच ट्रान्सप्यूटरवर अनेक कामे निरनिराळ्या धाग्यांप्रमाणे चालू असत. एक काम पोचेसाठी थांबले, की यंत्र ते आपोआप बाजूस ठेवी आणि दुसरे हाती घेई.

तथापि या नियमातही एक धोका असतो. समोरासमोर उभ्या असलेल्या दोघा मजुरांनी एकाच वेळी भरलेली घमेली एकमेकांपुढे धरली, तर घ्यायला कोणाचेच हात मोकळे राहत नाहीत. तसेच दोन यंत्रे एकमेकांच्या पोचेची वाट पाहत कायमची अडून बसतात, आणि सारे गणित तेथेच थांबते. यासाठी कुशल रचनाकार देण्याचे काम एका धाग्याकडे व घेण्याचे काम दुसऱ्या धाग्याकडे सोपवितो. जणू प्रत्येक मजुरास आणखी दोन हात मिळतात!

चौसष्ट सुट्या गणकांचा एक महासंगणक झाला, तो अशा लहानशा पोचेच्या आधारावर.